शुक्रवारचा हात

भिवंडीत खोली भाड्याने घ्यायला गेलं की घरमालक आधार कार्ड मागतो, डिपॉझिट सांगतो आणि पाणी कधी येतं ते जरा वाढवून सांगतो. आमच्या घरमालकांनी हात मागितला.

आम्ही खोली बघायला गेलो तो गुरुवार होता. त्यांनी खोली दाखवली, खिडकी उघडून मागचं सायझिंगचं, म्हणजे सुताला खळ देणाऱ्या कारखान्याचं, धुराडं दाखवलं, आणि नक्की करायचं का विचारल्यावर म्हणाले, उद्या या. मला वाटलं, पंचांग बघणारे असतील. दुसऱ्या दिवशी गेलो तर जिन्याखाली प्लास्टिकच्या दोन खुर्च्या समोरासमोर मांडून, अंघोळ करून, बनियन-लुंगीवर ते बसलेले. नवऱ्याला समोर बसवलं, त्याचं मनगट दोन बोटांत धरलं आणि डोळे मिटून घेतले. नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी तोंड फिरवलं, कारण मला हसू येत होतं. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले, 'चालंल' म्हणाले आणि मला बसायची खूण केली.

मी बसेना. परक्या पुरुषाच्या हातात हात कशाला द्यायचा? तेव्हा दारातून त्यांची बायको, म्हणजे काकी, म्हणाल्या, "देस गो. काय करीत न्हाय तो. त्याला दुसरा काय येतच न्हाय." मग दिला. बोटं खरखरीत होती, पण पकड हलकी. ते म्हणाले, "जोरात हाय. घाबरलीस काय? पन एकसारखा हाय." आणि किल्ल्या काढून दिल्या.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. सगळी चाळच म्हणायची. आता काका नाहीत. पण अजून कुणी माझं मनगट धरलं, बांगडीवालीने धरलं तरी, मी नकळत श्वास रोखून धरते. ही सवय मला त्यांनी लावली, आणि ती लावताना माझा जीव किती टांगणीला लावला ते मी अजून पूर्णपणे माफ केलेलं नाही.

काका जातीचे आगरी, खाडीकाठच्या शेतीवाल्या घरातले. तरुणपणी दुसऱ्याच्या यंत्रमागाच्या गाळ्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले लूम जुळवून देणारे. नंतर जमीन गोडाऊनला गेली, त्या पैशांत स्वतःचा गाळा घातला, वर चाळ बांधली. खाली लूम, वर आम्ही. दिवसरात्र पायाखाली खटखट. टेबलावर पाण्याचा पेला ठेवला की पाण्यावर बारीक वर्तुळं उठायची. पहिले आठ-दहा दिवस मला वेड लागायची पाळी आली. नंतर इतकी सवय झाली की माहेरी नाशिकला गेले की शांततेने झोप उडायची.

या खटखटीने काकांचे कान गेले होते. अगदी ठार नव्हे, पण कानाशी ओरडल्याशिवाय काही पोचत नसे. म्हणून ते स्वतः मोठ्याने बोलायचे, आणि दुसऱ्याचं बोटांनी ऐकायचे. गाळ्यात शिरले की एकेका लूमच्या चौकटीवर दोन बोटं टेकवत पुढे जायचे आणि मध्येच थांबून म्हणायचे, याचा ठोका चुकतोय, बंद कर. कारागीर म्हणायचा, अरे काका, ठीक तो चल रहा है. पण बंद करून बघितलं की कापडात आडवी पट्टी उठलेली असायची. ठोका एकसारखा पाहिजे, हा त्यांचा एकच धर्म होता. देवाला ते जायचे ते काकी ओढून नेतात म्हणून.

हेच पुढे त्यांनी माणसांना लावलं. माणसांनाच काय, सगळ्याला. आमच्या मिक्सरवर बोटं ठेवून त्यांनी त्याचं मरण आठवडाभर आधी सांगितलं होतं. पाण्याच्या मोटारीवर ठेवायचे, उभ्या रिक्षाच्या टपावर ठेवायचे. जत्रेला बोकड घ्यायला गेले की त्याच्या मानेवर बोटं ठेवून इतका वेळ उभे राहायचे, की विकणारा कंटाळून दुसरं गिऱ्हाईक बघायचा. एकदा निवडणुकीला एक उमेदवार हात जोडत आमच्या दारात आला. काकांनी जोडलेले हात सोडवले, एक मनगट धरलं आणि डोळे मिटले. फोटोवाला खोळंबला, कार्यकर्ते चुळबुळायला लागले, उमेदवाराचं हसू वाळलं. शेवटी काकांनी डोळे उघडून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "याला झोप न्हाय." त्यांनी मत त्यालाच दिलं. दया आली म्हणाले.

माणसाचा हात मात्र ते फक्त शुक्रवारी बघायचे. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात. बाकीच्या दिवशी म्हणे मशीनचा ठोका जमिनीतून, खुर्चीतून, हाडांतून येतो आणि माणसाच्या ठोक्यात मिसळतो. कुठला कुणाचा ते कळत नाही. म्हणून शुक्रवारी सकाळी, सगळी गल्ली गप्प झाली की, जिन्याखाली ती दोन खुर्च्यांची ओपीडी. चाळीतली बाया-माणसं, खालचे कारागीर, कुणाचे पाहुणे. कुणाला ते बसल्या जागी पास करायचे, कुणाला चहा कमी कर सांगायचे. लोक येत ते नाडीसाठी नव्हे, काकांना वाईट वाटू नये म्हणून. मीही तशीच जायचे. सायझिंगच्या ऑफिसात मी हिशोबाचं काम करायचे, शुक्रवारी मलाही सुट्टी. भाजी निवडता निवडता एक हात पुढे करायचे.

सगळे झाले की शेवटी ते आपला उजवा हात पुढे करायचे. धर म्हणायचे. आणि खरोखर, तसा ठोका मी कुणाचा बघितला नाही. जरा जलद, पण टक टक टक टक, एका ओळीत टाके घातल्यासारखा. कधी पुढे नाही, मागे नाही. "बघ," ते म्हणायचे, "कनची मशीन पन अशी चालनार न्हाय." आणि लहान मुलासारखे खूष व्हायचे.

काकींना मी एकदा विचारलं, हे वेड कधीपासून. काकी पापलेट साफ करत होत्या. म्हणाल्या, "कान गेले तवापास्नं. आदी काय बडबड करायचा, पारावर रातभर बसायचा. आता कोन काय बोलला ते कलत न्हाय, मंग हात धरतो. तेच बोलनं त्याचं." त्यानंतर मी भाजी खाली ठेवून हात द्यायला लागले.

आम्ही राहायला आलो तेव्हा माझी मुलगी सई नाशिकला आईकडे होती. शाळेचं वर्ष संपल्यावर तिला आणलं. नऊ वर्षांची, चाळीतल्या पोरांना दोन दिवसांत आपल्या मागे पळवणारी. जिना ती चढायची नाही, उडत वर यायची. आल्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी ती स्वतः जाऊन काकांच्या समोरच्या खुर्चीवर बसली आणि हात पुढे केला. काकांनी हसत हसत धरला, डोळे मिटले. मी वरून कपडे वाळत घालत बघत होते.

त्यांचं हसू गेलं. डोळे उघडले, तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, परत मिटले. डावा हात सोडून उजवा धरला. मग परत डावा. माझ्या हातातला चिमटा तसाच राहिला. बाकीच्यांना ते एवढा वेळ लावत नसत. मी खाली गेले तेव्हा त्यांनी सईला खेळायला नको, इथेच बस म्हटलं आणि मला बाजूला बोलावून त्यांच्या समजुतीने हळू आवाजात, म्हणजे सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, सांगितलं, "पोरीचा ठोका चुकतोय. पलतोय, मंग थांबतोय, मंग परत पलतोय. डाक्टरला दाखव."

मी त्यांच्यावर डाफरले. पोरीसमोर असलं काही बोलायचं नाही म्हणून कानाशी ओरडले. त्यांना कळलं असावं, कारण ते गप्प झाले. पण जे व्हायचं ते झालं होतं. सई दोन्ही हात मांडीखाली घालून बसली होती.

नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. कशेळीच्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर म्हणून दिवसभर माणसं हाकून आलेला, त्याला हा विनोद वाटला. अगं, ते मिक्सरला पण हेच सांगतात, म्हणाला. मिक्सर बंद पडला होता, हे मी त्याला सांगितलं. मग तो हसला नाही.

त्यानंतर मला सईची नाडी बघायची होती आणि बघवत नव्हती. लूम चालू असताना बोटांना काही समजेना, सगळी खटखटच लागायची. मग एके दुपारी वीज गेली. खालचे लूम एकापाठोपाठ थांबले, गल्लीत एकदम शांत झालं. सई पालथी पडून चित्र रंगवत होती. मी जवळ बसून सहज धरल्यासारखा तिचा हात धरला. आणि काका म्हणाले तसंच होतं. तीन-चार ठोके लगबगीने यायचे, मग सावकाश, मोठ्या अंतराने, की पुढचा येतो की नाही असं वाटावं, मग परत लगबग. मी तिचा हात सोडायचा विसरले. "काय झालं?" तिने विचारलं. काही नाही म्हटलं. तिने रंगीत खडू खाली ठेवला आणि सावकाश उठून बसली.

दुसऱ्या दिवसापासून सई जिना एकेक पायरी चढायला लागली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मधल्या वळणावर थांबायची, छातीवर हात ठेवायची, मग पुढे. खाली पोरं तिला हाका मारायची तर ही कठड्याशी उभी राहून त्यांचा खेळ बघायची. त्यात काकांनी खुर्ची जिन्याच्या तोंडाशी हलवली. शाळेतून आली की दप्तर काढून घ्यायचे, ओझं नको म्हणून. पोरांनी लगोरीचा चेंडू भिंतीवर मारला तरी त्यांच्यावर ओरडायचे. ते प्रेमाने करत होते हे मला दिसत होतं, आणि तरीही तो माणूस मला समोर नकोसा झाला होता. खोली सोडून जावं असंही मनात आलं. पण जाणार कुठे, आणि तो ठोका तर सोबत येणारच.

जवळच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकलं. बाहेर टेम्पो, शेजारी लूम. त्यांनी कपाळाला आठी घातली, वर-खाली वाटतोय खरा, म्हणाले, बहुतेक काही नाही, पण ठाण्याला हृदयाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. बहुतेक या शब्दाला धरून मी पुढचे दिवस काढले. ठाण्याची वेळ लगेच मिळाली नाही. मी ऑफिसात बेरजा चुकायला लागले, आणि सुताच्या बिलात कधी न केलेली चूक केली. सई मुकाट झाली. एकदा केस विंचरताना तिने विचारलं, मोठ्या श्वासाने थांबतं का लहान श्वासाने? तिचं तिने शोधून काढलं होतं की श्वास घेतला-सोडला की आत काहीतरी बदलतं. म्हणून ती श्वासही जपून, उथळ घेत होती. मी तिची वेणी घट्ट बांधली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले.

ठाण्याला जायच्या दिवशी काकांनी आपली गाडी काढून ठेवली होती. चालवायला माझा नवरा, आणि पुढच्या सीटवर कडक इस्त्रीचा शर्ट घालून ते स्वतः. तुम्ही कशाला, म्हटलं. ते ऐकू आलं नाही असं त्यांनी दाखवलं. कशेळीला कंटेनरची रांग लागलेली. खाडीपुलाआधी गाडी जी थांबली ती हलेना. आमची वेळ टळून जात होती. नवरा हॉर्नवर हात आपटत होता, मी त्याच्यावर चिडत होते, आणि मागे माझ्या मांडीवर डोकं ठेवून सई छताकडे बघत होती. काका वळून वळून तिच्याकडे बघायचे. एकदा त्यांचा हात तिच्या मनगटाकडे आला. मी तो हात ढकलून दिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी त्यांच्याशी असं वागले. त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि पूल संपेपर्यंत वळले नाहीत.

डॉक्टर तरुण बाई होत्या, भरभर बोलणाऱ्या. उशिरा आलो म्हणून रागावल्या नाहीत. सईला झोपवून हातापायांना चिमटे लावले, छातीवर बटणं चिकटवली, कागदाची पट्टी निघायला लागली. मी त्या रेघांकडे बघत होते. डोंगर, डोंगर, डोंगर, आणि मधली अंतरं खरंच सारखी नव्हती. पट्टी संपली. बाईंनी दुसरी काढली, सईला सांगितलं, आता हळूहळू मोठा श्वास घे. सई घेईना. तिने माझ्याकडे बघितलं. घे, म्हटलं, आणि माझा स्वतःचाच अडकला. मग पडद्यावर बघायची तपासणी झाली, त्यात तिचं हृदय एखाद्या पिल्लासारखं हलताना दिसलं. काका भिंतीशी उभे राहून आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते.

शेवटी बाईंनी पट्टी टेबलावर पसरली आणि पेनाने दाखवलं. "हे बघा. इथे तिने श्वास आत घेतला, ठोके जवळ आले. इथे सोडला, लांब गेले. परत घेतला, परत जवळ. हा आजार नाही. निरोगी मुलांचं हृदय असंच चालतं."

मला कळेना. म्हणजे चुकतो ना, मी विचारलं. त्या म्हणाल्या, चुकत नाही, बदलतो. पळताना, घाबरल्यावर, झोपेत, प्रत्येक श्वासाला हृदय आपला वेग थोडा कमी-जास्त करत असतं, आणि लहान मुलांत ते बोटालाही लागतं. खेळताना चक्कर आली, शुद्ध गेली, श्वासाशी काही संबंध न ठेवता ठोके कसेही पडायला लागले, तर दाखवायला या. हिला यातलं काही नाही. "पळू दे तिला," त्या म्हणाल्या. सई तपासणीच्या टेबलावरून उडी मारून खाली उतरली. इतक्या दिवसांनी उडी.

मला आधी रडू आलं, आणि पाठोपाठ असा संताप आला की बस्स. माझ्या पोरीला हसायचं, पळायचं, पुरा श्वास घ्यायचं विसरायला लावलं होतं या माणसाने. मी वळले, आता कानाशीच जाऊन ओरडणार होते. पण काका पुढे सरकून बाईंच्या टेबलापाशी उभे होते. आमचे चेहरे बघून काय झालं ते त्यांनी ताडलं होतं, आणि त्यांना ते पटलेलं नव्हतं. "यो ठोका बरोबर?" ते म्हणाले. "मशीन खराब हाय तुमची." आणि आपला उजवा हात बाईंच्या समोर ठेवला. "धरा. याला बोलतात ठोका."

बाई हसल्या. म्हाताऱ्याचं मन राखावं म्हणून धरला असेल. मग त्यांचं हसू हळूहळू गेलं. हे मी आधी एकदा बघितलं होतं, आमच्या जिन्याखाली, काकांच्या चेहऱ्यावर. बाईंनी हातानेच खूण करून त्यांना लांब श्वास घ्यायला लावला, सोडायला लावला. परत. उभं केलं, बसवलं. आम्हाला विचारलं, साखर आहे का यांना? खूप वर्षं आहे, नवरा म्हणाला, गोळ्या कधी घेतात, कधी नाही. पायांना मुंग्या, बधिरपणा? मला आठवलं, काका पुष्कळदा एकाच पायात चप्पल घालून वर यायचे. दुसरी जिन्यात राहिलेली त्यांना कळायची नाही. आम्ही हसायचो.

त्यांचीही पट्टी काढली. बाईंनी ती सईच्या पट्टीच्या खाली ठेवली. डोंगर, डोंगर, डोंगर, श्वास घेतला तरी तेवढंच अंतर, सोडला तरी तेवढंच. वयाने हे कमी होतंच, त्या म्हणाल्या, पण इतकं नाही. हृदयाला कमी-जास्त करायला सांगणाऱ्या ज्या नसा असतात, त्या साखरेने निकामी केल्यात. आता हृदय कुणाचं ऐकत नाही, एकटंच चाललंय. असल्या माणसाच्या छातीत काही झालं तरी त्याला दुखत नाही, आणि पट्टीत आणखीही एक-दोन गोष्टी मला आवडलेल्या नाहीत. यांना आज घरी नेऊ नका, पुढच्या तपासण्या लगेच करू.

"काय बोलली?" काकांनी मला विचारलं.

मी सांगणार काय? नवऱ्याने मोबाईलवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं. काकांनी ते लांब धरून वाचलं आणि खदाखदा हसले. एकसारखा हाय म्हणून खराब? भिवंडीत जाऊन कुणालाही विचारा म्हणाले. पिशवी उचलली, चला म्हणाले, परत पुलावर गर्दी होईल. बाई दारात आडव्या आल्या तर त्यांना नमस्कार करून बाजूने जायला लागले. मी त्यांची बाही धरली. माझा राग कुठे गेला होता कोण जाणे. आता मला फक्त एवढंच पाहिजे होतं की या माणसाने त्या दारातून बाहेर जाऊ नये.

सईने सगळं ऐकलं होतं. तिने जाऊन त्यांचा हात धरला आणि त्यांची दोन बोटं आपल्या मनगटावर ठेवली. मग त्यांना दिसेल असा, खांदे वर करून, मोठा श्वास घेतला. सोडला. परत घेतला, परत सोडला. काकांनी सवयीने डोळे मिटले. मला दिसत होतं, ते मोजत नव्हते, ऐकत होते. मग तिने त्यांचीच बोटं उचलून त्यांच्या दुसऱ्या मनगटावर ठेवली आणि खूण केली, आता तुम्ही.

त्यांनी श्वास घेतला. सोडला. थांबले. परत घेतला, चांगला पोट भरून, आणि रोखून धरला. कपाळावर घाम आला. सोडला. पिशवी खाली ठेवून भिंतीपासची खुर्ची ओढली आणि बसून परत एकदा केलं.

काकांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. त्यांना मी कधी हळू बोलताना ऐकलं नव्हतं. तेव्हा ऐकलं. "मंग इतकी वर्सं," ते म्हणाले, "मी काय बघत होतो गो?"

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

काका तिथेच राहिले. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत दोन ठिकाणी अडथळा निघाला. वेळेवर आलात, असं तिथे सगळ्यांनी सांगितलं, आणि काकी ते पुढे वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिल्या. काका जरा वाळून घरी आले. अडथळे काढता आले, नसांचं मात्र काही होण्यासारखं नव्हतं. गोळ्या वेळेवर घ्या, चाला, लांब श्वास घ्या, आहे तेवढं राखा, एवढंच डॉक्टरबाई म्हणाल्या.

शुक्रवारच्या दोन खुर्च्या पुन्हा मांडल्या गेल्या, पण काका आता कुणाचा हात मागत नसत. लोकच जाऊन द्यायचे. त्यांनी नाही म्हटलं तरी समोर बसायचे, आणि ते नुसता धरून ठेवायचे, चूक-बरोबर काही सांगायचे नाहीत. शेवटी सई खाली जायची, चार-चार पायऱ्या गाळत. तिच्यासमोर मात्र ते हात ठेवायचे. ती दोन बोटांनी मनगट धरायची, ते बाईंनी शिकवलं तसा सावकाश श्वास घ्यायचे, सोडायचे. हलला का, ते विचारायचे. ती मान हलवायची, नाही, सरळच आहे. ते बरं म्हणायचे. मी तिला एकदा सांगितलं होतं, कधीतरी हो म्हण गं, काय जातं. ती माझ्यावर रागावली. काकांशी खोटं चालत नाही, म्हणाली.

पडघ्याला आम्ही छोटा फ्लॅट घेतला. सामान हलवायचं ते शुक्रवारीच हलवा, असं काकांनी सांगितलं होतं. टेम्पो भरला, काकींनी सुक्या बोंबलाची पिशवी माझ्या हातात कोंबली. सई जिन्याखाली काकांसमोर बसली होती. तिने मनगट धरलं. त्यांनी श्वास घेतला, सोडला. त्या दिवशी त्यांनी किती वेळा घेतला कुणास ठाऊक. ड्रायव्हर दोनदा येऊन गेला. काकांनी विचारलं नाही, नुसते तिच्याकडे बघत राहिले.

सईने मान वर केली. "हलला काका," ती त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाली. "थोडासा. पण हलला."

"खरा?"

तिने जोरात मान डोलावली. तेव्हा माझं लक्ष गेलं. काकांच्या दुसऱ्या हाताची दोन बोटं केव्हाची तिच्या मनगटावर होती. तिलाही ते तेव्हाच कळलं असावं. तिने हात ओढून घ्यायला बघितला, पण त्यांनी सोडला नाही. डोळे मिटले.

"कसा पलतोय तुजा," ते म्हणाले. तिचे डोळे भरून आले होते. त्यांनी तिचा गाल पुसला. "पलू दे बाय. पलू दे."